हंसा गाईचे दोन गोठे

लिहून ठेवणार: वासुदेव अण्णाजी वांदिले, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त विज्ञान शिक्षक, सध्या शेती, राहणार पवनार, तालुका व जिल्हा वर्धा.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दुपारचा चहा घेऊन लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. इस्पितळातल्या डॉक्टरांचे तसे मत आहे आणि गावाचेही आहे. फक्त माझे थोरले बंधू रूपराव, ज्यांना मी जन्मभर दादा म्हणत आलो व पुढेही या कागदात दादाच म्हणणार आहे, त्यांचे मत वेगळे आहे. मात्र ते १९७२ सालापासून वेगळे असल्याने माझ्या सध्याच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. दुखणे हृदयाचे आहे, डोक्याचे नाही.

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम १. पवनारचे घर व त्यामागची साडेतीन एकर जमीन मला माझी पत्नी कै. विमलाबाई हिच्या माहेराकडून मिळाली. विमलाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. आम्हांस मूलबाळ नाही. हे घर व ही जमीन मी दादाची मुलगी कोकिळा हिला देतो. ती हिंगणीहून शिकायला आमच्याकडे आली, आमच्याच ताटात जेवली आणि आज वर्ध्याला विज्ञान शिकवते. घरावर तिचा हक्क लागतो, कारण उत्क्रांतीच्या भांडणाला सुरुवात तिने केली.

झाले ते असे. १९७२ साली ती नववीत होती आणि माझ्याच वर्गात होती. मी उत्क्रांतीचा धडा शिकवला. शनिवारी ती हिंगणीला गेली आणि जेवताना बापाला म्हणाली, की माणूस आणि माकड यांचा पूर्वज एकच. दादाच्या हातचा घास हातातच राहिला. सोमवारी पहिल्या बसने दादा आला आणि पागोट्यासकट माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "एक सवाल हाय. माह्या आजोबाले शेपूट नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर बसून पोळा पाह्यला. अन् तुहा अन् माहा आजोबा एकच. मंग तुह्या आजोबाले शेपूट कोठून आलं?"

सगळा वर्ग बाक वाजवून हसला. मलाही हसू आले, पण मास्तरला हसता येत नाही. मी म्हणालो, "दादा, आजोबाले नव्हतं. त्याच्या आजोबाले, त्याच्याही आजोबाले, असं लाख येळा मांगं जा, मंग सापडन."

"लाख येळा मांगं गेलं त मानूस देवापाशीच पोचते," दादा म्हणाला. "तुह्या माकडापाशी काऊन जाईन?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या दादासाठी. माझ्या वर्गात, माझ्या पोरांनी. ती गोष्ट मी अकरा वर्षे मनात ठेवली आहे आणि तिचा हिशेब खाली कलम ७ मध्ये पुरा केला आहे.

कलम २. त्या वेळचे मुख्याध्यापक महादेवराव यांनी मला खोलीत बोलावून सांगितले, की तो धडा परीक्षेला येत नाही, तेव्हा पुढच्या वर्षीपासून सोडून द्यावा. मी सोडला नाही. महादेवरावांना मी माझ्या दाराआडची काळी छत्री देतो. ती त्यांचीच आहे. त्या दिवशी मी रागाच्या भरात ती घेऊन आलो आणि पुढे परत देण्याइतका राग उतरला नाही.

कलम ३. माझा पितळी सूक्ष्मदर्शक आणि सगळी पुस्तके कोकिळाला. पोस्टातली शिल्लक माझी बहीण कौशल्याबाई, राहणार सिंदी मेघे, हिला. बहिणीचे नाव पुढे येईल तेव्हा वाचणाऱ्याने सावरून बसावे.

कलम ४. माझे दिवसकार्य दादाने त्याला हवे तसे करावे. मी त्याच्याशी तेवढ्यापुरता वाद घालणार नाही, आणि ही संधी त्याला पुन्हा मिळणार नाही. मात्र पिंडाला कावळा शिवला नाही तर वासुदेवची काही इच्छा राहिली असे कोणी समजू नये. कावळ्याला भूक नव्हती असे समजावे.

कलम ५. शेजारी भैय्याजी यांना काहीही देत नाही. ते मनाने वाईट नाहीत. पण स्वतःच्या गोठ्यात त्यांनी जर्सीची पैदास सुरू केली आणि गेली सहा वर्षे ते दर महिन्याला माझ्या फाटकाशी येऊन सांगतात, "मास्तर, जुन्या जातीत काय ठेवलं हाय, तुमीबी जर्सी भरून घ्या." काय ठेवले आहे ते पुढे लिहितो. भैय्याजींनी वाचावे.

कलम ६. आता गाई. हे कलम लांबणार, त्याला इलाज नाही.

आमचे वडील अण्णाजी यांचा हिंगणीला गवळाऊ गाईंचा गोठा होता. पांढरी, चपळ, आपल्या वर्धेकडची जात. त्या गोठ्यात हंसा नावाची गाय होती. तिच्यासारखी गाय पुन्हा झाली नाही असे वडील म्हणत. ते तिच्या हयातीतच म्हणत, त्यामुळे त्यात किती खरे होते ते सांगता येत नाही. १९५५ साली वडील गेले आणि वाटण्या झाल्या. गोठा निम्मा निम्मा झाला. हंसा हिंगणीलाच राहिली, तिची थोरली कालवड दादाकडे राहिली आणि धाकटी मी पवनारला आणली.

आमच्या घरची एक रीत आहे. वासरू जन्मले की बाराव्या दिवशी त्याच्या डाव्या कानाला दोन काप द्यायचे, आणि ते घरच्या लेकीच्या हातून. आई गेल्यावर हे काम कौशल्याबाईकडे आले. वाटण्या झाल्यावरही तिने ते सोडले नाही. कधी हिंगणीच्या बसने, कधी पवनारच्या, पिशवीत वस्तरा आणि हळद घेऊन ती यायची. आम्ही भावांनी शेत वाटले, भांडी वाटली, गोठा वाटला, पण कान वाटले नाहीत.

मी पहिल्याच वर्षी सगळे गोऱ्हे पाहिले, त्यांतला एक वळू म्हणून ठेवला आणि बाकीच्यांचे बैल केले. पुढे दरवर्षी तेच केले. उंच, लांब पाठीच्या, भरपूर दुधाच्या गाईचाच गोऱ्हा ठेवायचा, बाहेरचा वळू आणायचा नाही. हे दादाला कळले. त्याचा स्वभाव असा, की जे देवाने दिले त्यात हात घालायचा नाही. त्याच्या गोठ्यात जो गोऱ्हा मोठा होईल तो होईल आणि ज्या गाईला लागेल तिला लागेल.

"निवडनारा मी कोन?" तो म्हणाला. "ज्या गोठ्यात मानूस देव होऊन बसते, त्या गोठ्यात मी पाय ठेवत नाई."

आणि त्याने खरोखरच ठेवला नाही. दादा पवनारला येतो, ओसरीवर बसतो, जेवतो, बस येईपर्यंत माझ्याशी वाद घालतो. घरामागच्या गोठ्यात मात्र त्याचे पाऊल पडले नाही. चारा कसा आहे, कोणती गाय व्याली, काही विचारत नाही. मला हे फार लागायचे. वादाचे काही वाटत नव्हते, तो तर आमचा विरंगुळा होता. विमलाबाई म्हणायची, "दोघंबी गप्प बसले की मले भेव वाटते." पण ज्याच्यापासून मी गाय पारखायला शिकलो त्यानेच माझ्या गाई पाहू नयेत, याचे दुःख होते आणि ते मी लिहून ठेवतो.

तो वाद घालायचाही मोठ्या ताकदीने. एकदा म्हणाला, "वासरू पडल्याबरोबर उठते अन् सीधं सडाकडं जाते. त्याले कोनं शिकोलं?" मी म्हणालो, "जे गेले नाई ते मेले, दादा. जे गेले ते वाचले, अन् त्याइलेच वासरं झाले." दादा म्हणाला, "म्हनजे तुहा देव मरनच हाय." तेवढ्या दिवसाचा सामना दादाचा, हे कबूल.

कलम ७. १९८० साली सेलूला पशुप्रदर्शन भरले. गवळाऊ गटाला तीन पंच होते आणि त्यांत दादा मुख्य. त्याच्या नजरेबद्दल जिल्ह्यात दुमत नाही. जनावर कोणाचे ते पंचांना कळू नये म्हणून मालकांना बाहेर थांबवले होते आणि प्रत्येक जनावराच्या कपाळावरून डाव्या कानावर नंबराची कापडी पट्टी बांधली होती. मी हंसाच्या वंशातली सहाव्या पिढीची तारा पाठवली होती. तिची दोरी माझा सालदार मोतीलाल याच्या हातात होती. त्याला दादाने कधी पाहिले नव्हते, कारण मोतीलाल गोठ्यात असायचा आणि दादा ओसरीवर.

मी कुंपणाबाहेर लिंबाखाली उभा होतो. दादा ताराभोवती फिरला. दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, पुन्हा एकदा फिरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

"गाय लाखात एक हाय. पन हे आपल्या इकडची जात नोहे. कोनीतरी बाहेरून आनली. असा बांधा माह्या बापाच्या गोठ्यात कधी नव्हता. बाद करा."

माझे दुखणे तेव्हा सुरू झालेले नव्हते हे बरे, नाहीतर मी तिथेच गेलो असतो.

तेवढ्यात बायांच्या गर्दीतून कौशल्याबाई निघाली. तिला कोण अडवणार? तिने सरळ जाऊन ताराच्या कानावरची पट्टी वर सरकवली.

"दादा, हा काप पाह्य. कोनाच्या हातचा हाय?"

दादाने कान बोटांत धरला. चष्मा पुसला आणि पुन्हा धरला.

"तुह्या हातचा," तो म्हणाला.

मी कुंपण ओलांडून आत गेलो. "दादा," मी म्हणालो, "हे आपली हंसा हाय. तुमी दूध काढत होते ते हंसा. बाहेरचा सांड मी एकदाबी आनला नाई. नुसता निवडत गेलो. पंचवीस वर्सात ते अशी बदलली का तुमीच तिले वयखलं नाई."

सगळे प्रदर्शन थांबले होते. दादाने माझ्याकडे पाहिले, ताराकडे पाहिले. पंच होता, हार कसली मानतो.

"बदलली असन," तो म्हणाला. "पन गायच राह्यली नं? म्हैस त नाई झाली?"

लोक हसले. मी म्हणालो, "तुमी पंचवीस हजार वर्स थांबाल का, दादा? मंग दाखोतो."

या वेळी टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. त्यांत माझे जुने विद्यार्थी होते, त्या नववीच्या वर्गातलेही. हिशेब पुरा झाला तो असा.

दादाने निकाल मात्र फिरवला नाही. पंचाचा शब्द एकदाच, म्हणाला. ताराला बक्षीस मिळाले नाही. मी नवरदेवासारखा घरी आलो. विमलाबाईने विचारले, "बक्षीस कोठं हाय?" मी सांगितले, "दादानं बाद केली!" ती म्हणाली, "मंग हासून काऊन राह्यले?" तिला सगळे सांगितले तेव्हा तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. ती नंबराची पट्टी मी खिळ्याला टांगून ठेवली आहे. ती कौशल्याबाईला द्यावी. जिल्ह्यात कोणाकडे ढाल असेल, कोणाकडे पदक असेल, अशी पट्टी कोणाकडे नाही.

त्या दिवाळीला मी हिंगणीला गेलो. दादाच्या अंगणात संध्याकाळी गाई जंगलातून परत येत होत्या. लहान, काटक, राखी रंगाच्या, कान सतत हलते. दादा त्यांच्याकडे पाहत होता. मी काही विचारले नव्हते, तोच आपणहून म्हणाला, "वासुदेवा, मंग माह्या गाई काऊन लहान झाल्या? मी त काईच नाई केलं."

मी म्हणालो, "तुमी नाई केलं, दादा. बोरच्या जंगलातल्या वाघानं केलं. जे पांढरी दुरून दिसली ते त्यानं नेली. जे जड होती, पळू नाई शकली, ते नेली. राह्यल्या त्याइचेच वासरं तुमच्या गोठ्यात आले."

"वाघबी देवानंच ठेवला," दादा म्हणाला.

"ठेवला असन. पन निवड झाली, एवढं त म्हना."

नाही म्हणाला. पण त्या रात्री जेवताना त्याने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढले, आणि दादा तूप कोणाला वाढत नाही.

कलम ८. डॉक्टर म्हणतात जपा. म्हणजे काय ते मला कळते. मरणाचे मला भय नाही, गोठ्याचे आहे. माझ्या मागे या गाई बाजारात गेल्या तर चार दिशांना जातील. भैय्याजींसारख्यांच्या हाती लागल्या तर दोन पिढ्यांत त्यांचे काही उरणार नाही. सारा जन्म मी काय केले असे कोणी विचारले तर मी शाळा दाखवणार नाही, तारा दाखवीन. कोकिळा हुशार आहे, पण तिला जनावराची नजर नाही, हे तीच सांगते. ती नजर मला माहीत असलेल्या एकाच माणसाला आहे. गाय कोणाची ते ठाऊक नसताना ज्याने तिला लाखात एक म्हटले, त्या माणसाला.

म्हणून माझ्या सर्व गाई, कालवडी व गोऱ्हे मी दादाला देतो. अट एकच. दरवर्षी वळू म्हणून ठेवायचा गोऱ्हा दादाने स्वतः निवडायचा. देवावर सोडायचे नाही, वाघावरही नाही.

दादाच्या तोंडून 'हो' येणार नाही हे मला पक्के माहीत आहे. म्हणून त्याला तोंड उघडावे लागू नये अशी सोय केली आहे. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. मी या कागदावर दादाचे नाव साक्षीदार म्हणून घातले आहे. हा कागद त्याच्यासमोर वाचला जाईल. त्याने साक्षीची सही केली तर त्याने गाई नाकारल्या असे समजावे आणि त्या गोरक्षण संस्थेस द्याव्यात. सही केली नाही तर गाई त्याच्या.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे मित्र व जुने सहशिक्षक प्रेमदास यांनी करावी. माझ्या व दादाच्या वादात आम्ही दोघेही त्यांना पंच मानत असू आणि ते दर वेळी एकच निकाल देत: "आमी बौद्ध लोक. हे जग कोनं बनोलं असा सवालच आमी विचारत नाई. चहा आना." सल्ला चांगला होता, आम्ही दोघांनीही तो मानला नाही.

पुरवणी. सह्यांपूर्वी, माझ्याच हाताने, आज घडलेले लिहितो.

प्रेमदासांनी ओसरीवर सगळा कागद मोठ्याने वाचला. कोकिळा, कौशल्याबाई आणि दादा समोर होते. शेपटाच्या जागी दादा हसला, पट्टीच्या जागी त्याने घसा खाकरला. पेन त्याच्या हातात होते. कलम ८ झाले. माझे काळीज तेव्हा कसे उडत होते ते डॉक्टरांना सांगू नये.

"गोऱ्हा मी निवडाचा?" दादाने विचारले.

"हो."

"अन् सही केली त?"

"त गोरक्षणात जातीन."

दादाने कागद पुढे ओढला. आपले नाव बोट ठेवून वाचले. माझ्याकडे पाहिले. मग पेनाचे टोपण लावले आणि पेन प्रेमदासांच्या पुढ्यात ठेवले.

"वासुदेवा, तुहं डोकं ठिकान्यावर नाई," तो म्हणाला. "हे मी बह्यात्तर सालापासून सांगून राह्यलो. डोकं ठिकान्यावर नसलेल्या मानसाच्या कागदावर मी साक्ष करत नाई."

आणि उठला. आम्हाला वाटले बस धरायला निघाला. पण तो फाटकाकडे वळला नाही. घराला वळसा घालून मागे गेला. कौशल्याबाईने माझा दंड धरला आणि आम्ही हळूहळू त्याच्यामागे गेलो.

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा दादा माझ्या गोठ्यात उभा होता. वहाणा बाहेर काढून. ताराचा कान त्याच्या हातात होता आणि तो तिच्याशी काहीतरी बोलत होता, ते मला ऐकू आले नाही. मग त्याची नजर दाव्याला बांधलेल्या दोन गोऱ्ह्यांकडे गेली. एकाच्या मागे जाऊन तो वाकला, दुसऱ्याच्या मागे वाकला, आणि मागे वळून न पाहता म्हणाला,

"हा नोको. याचे मांगचे घोटे घासतात. तो ठेवजो."

बोलण्यासारखे पुष्कळ होते, अकरा वर्षांचे होते. मी नुसता भिंतीला टेकून उभा राहिलो आणि डोळे पुसले. मी जिंकलो. दादासमोर ते बोलून दाखवायचे नाही, म्हणून इथे लिहितो.

साक्षीदाराची एक जागा रिकामी झाली. ज्याला या कागदाने काहीच मिळत नाही असा माणूस जवळच होता. भैय्याजींना कुंपणावरून हाक मारली. त्यांनी कलम ५ वाचले, "वा मास्तर!" म्हणाले आणि सही केली.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते खरे आहे आणि मला आनंद झाला आहे.

ठिकाण: पवनार
दिनांक: १४ फेब्रुवारी १९८३

लिहून ठेवणार
(सही) वासुदेव अण्णाजी वांदिले

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, साक्षीदार:

१. (सही) प्रेमदास, निवृत्त शिक्षक, पवनार

२. रूपराव अण्णाजी वांदिले, शेती, हिंगणी
(हे नाव खोडले. खोडलेले मला मान्य आहे, फार मान्य आहे. वा. अ. वांदिले)

२. (सही) भैय्याजी, शेजारी, पवनार